नरकासुर चिकटवल्यासारखा का दिसतो? व्हीएफएक्सविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात व्हीएफएक्सवरची, म्हणजे पडद्यावरच्या संगणकी दृश्यपरिणामांवरची, पत्रं बरीच आहेत. बहुतेक पत्रं तरुणांची, एक आईचं. सारखे प्रश्न एकत्र करून आठ पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

साखळीहून बारावीतला एक विद्यार्थी लिहितो: दिवाळीत वाड्यावर उभ्या होणाऱ्या नरकासुराच्या पुतळ्याचं तोंड आणि हात दरवर्षी मी करतो. मोबाइलवर व्हिडिओ जोडायचीही गोडी लागली आहे. व्हीएफएक्स शिकावं असं मनात आहे, पण गणित कच्चं आहे. हे माझं क्षेत्र आहे की नुसता नाद, हे कसं ओळखू?

नरकासुर करताना तू जे करतोस त्याला स्टुडिओत वेगवेगळी नावं आहेत. सांगाडा बांधून कोपराला बिजागरी कुठे हवी ते ठरवणं म्हणजे रिगिंग. कागदाचे थर चढवून गालाचं हाड उठवणं म्हणजे मॉडेलिंग. रंग लावल्यावर कातडी ओली दिसावी की सुकी, हा विचार म्हणजे लुकडेव्ह, आणि डोळ्यांत बल्ब बसवणं हे लायटिंग. या कामांना हात आणि नजर लागते, आणि दोन्ही तुझ्याकडे आहेत. पाणी फुटणं, धूर, इमारत कोसळणं हे एफएक्स विभागाचं काम. तिथे भौतिकशास्त्र, सदिश आणि थोडी पायथन ही संगणकभाषा टळत नाही. कंपोझिटिंग, म्हणजे सगळे थर जुळवून एक चित्र करणं, यात गणित आहे पण सोपं: वरचं चित्र, अधिक खालचं चित्र गुणिले (१ वजा अल्फा). अल्फा म्हणजे वरच्या थराचा भरीवपणा, ० ते १ मध्ये. एवढं समीकरण पक्कं असलं की निम्म्या अडचणी समजतात.

आवड पारखायला शिकवणीची फी भरू नकोस. हातातला फोन आणि एक तिवई घेऊन तीन गोष्टी कर.

पहिली, एकाच माणसाला एका चित्रात दोनदा बसवायचं. फोनवर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद कर, तिवई हलवू नकोस, माणूस आधी डावीकडे आणि मग उजवीकडे बसव. दोन्ही चित्रणं मधोमध जोड. जोड दिसला तर कारण बहुधा तिघांतलं एक असतं: दोन चित्रणांच्या मधे ढग सरकला, माणसाची सावली जोडाच्या रेषेपलीकडे गेली, किंवा फोनने स्वतःहून उजेड बदलला.

दुसरी, माणूस अदृश्य करायचा. कॅमेरा चालू, माणूस थबकतो, बाजूला होतो, मधला तुकडा कापायचा. फ्रेंच चित्रपटकार मेलिएसने ही युक्ती १८९० च्या दशकात वापरली आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१० च्या दशकातल्या पौराणिक चित्रपटांत अशाच युक्त्यांनी चमत्कार दाखवले. वाऱ्याने हलणारं झाड पाठीमागे असलं की कापलेल्या जागी ते उडी मारतं. म्हणून मागे भिंत घे.

तिसरी सगळ्यांत अवघड: भिंतीवरचा एक फलक पुसून टाकायचा, कॅमेरा हातात धरून हळूच चालताना. पहिल्या दोन्ही एका संध्याकाळी होतील, हिला आठवडा लागेल. आठव्या दिवशीही कडेचा तो एक पिक्सेल तुला खटकत असेल आणि तू परत बसत असशील, तर हे काम तुझं आहे. दा विंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती (तिच्यात थर जोडायचं फ्यूजन येतं) आणि ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर एवढ्यावर हे सगळं होतं.

फोंड्याहून दोघे मित्र: रात्रीचं मैदान मोबाइलवर चित्रित करून ब्लेंडरमध्ये केलेला वीस फुटी नरकासुर त्यात उभा केला. मॉडेल छान झालंय असं सगळे म्हणतात, पण तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो. तीन चित्रं सोबत जोडली आहेत.

मॉडेल खरंच छान आहे. दोष जोडणीत आहेत आणि चित्रांत ते स्पष्ट दिसतात.

आधी काळा रंग पाहा. रात्रीच्या चित्रणात खरा काळा जवळजवळ नसतोच. हवेतल्या दमटपणावर, धुरावर रस्त्याच्या दिव्यांचा उजेड पडतो आणि लांबचा अंधार किंचित राखाडी होतो. तुमच्या मैदानाच्या टोकाचा अंधार (० म्हणजे काळा, १ म्हणजे पांढरा धरून) साधारण ०.०२ ते ०.०३ च्या घरात दिसतो, नरकासुराच्या काखेतला काळा मात्र शून्य. डोळ्याला हा फरक आकड्यात कळत नाही, पण ‘हा इथला नव्हे’ हे लगेच कळतं. तपासायला व्ह्यूअरचा गेन, म्हणजे उजळपणा, चारपट करून पाहा. झाडांच्या अंधारापेक्षा नरकासुराचा अंधार खोल दिसला, तर ऑफसेटने (सगळ्या चित्रात ठरावीक आकडा मिळवून) काळा तेवढाच वर उचला. त्या अंधारात निळसर झाक असेल तर तीही द्या.

दुसरा दोष ब्लेंडरच्या सेटिंगचा आहे आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला तो छळतो. ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दिसावेत ते ठरवणारं रूपांतर) मुळातच एजीएक्सवर असतो, त्याआधी फिल्मिक असे. फोनचं चित्रण त्यातून गेलं की त्याचे रंग फिके पडतात. मग तुम्ही ते फिकेपण झाकायला कॉन्ट्रास्ट वाढवता, आणि नरकासुर व मैदान दोन्ही बिघडतात. रेंडर, म्हणजे ब्लेंडरमधून निघणारं चित्र, अठरा सेटिंगच्या फंदात न पडता सरळ ईएक्सआर या प्रकारच्या फाइलमध्ये काढा. ती फाइल लिनियर असते, म्हणजे तिच्यातले आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात असतात, व्ह्यू ट्रान्सफॉर्म तिच्यात भाजला जात नाही. फोनचं चित्रणही लिनियर करूनच जोडा आणि शेवटी एकदाच पडद्यासाठी रूपांतर करा.

तिसरा, पाय. नरकासुराची लांब सावली तुम्ही दिली आहे, पण पावलाच्या अगदी खाली, जिथे उजेड शिरतच नाही, तिथली बोटभर गडद कड नाही. तीच वजन दाखवते. मैदानाच्या जागी एक सपाट पत्रा ठेवून त्याला शॅडो कॅचर (फक्त सावली झेलणारी वस्तू) करा, फिल्मच्या सेटिंगमध्ये पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा. आणि नरकासुराचे डोळे लाल पेटतात, मग त्या लालीचा कवडसा जमिनीवर आणि त्याच्याच छातीवर का नाही? कवडशाचा वेगळा पास, म्हणजे वेगळा थर, काढून मैदानाच्या चित्रात मिळवा.

चौथा दोष क्षितिजाचा. सपाट जमिनीवर कॅमेऱ्याच्या उंचीइतकी प्रत्येक गोष्ट क्षितिजरेषेवर येते, जवळ असो की लांब. फोन दीड मीटरवर धरला असेल तर प्रेक्षकांच्या डोळ्यांची रेषा आणि नरकासुराच्या पायापासून दीड मीटर वरचा भाग एकाच आडव्या रेषेत हवा. तुमच्या चित्रात ती रेषा त्याच्या कमरेवरून जाते आहे. सहा मीटरच्या आकृतीची कमर तीन मीटरवर असते. म्हणजे ब्लेंडरमधला कॅमेरा दुप्पट उंचीवर आहे.

कडेची काळी किनार प्रीमल्टिप्लायची आहे. अल्फाने गुणलेल्या चित्राचा रंग तसाच बदलला की कड जळते. आधी अनप्रीमल्ट, मग रंगदुरुस्ती, मग पुन्हा प्रीमल्ट. सगळ्यांत शेवटी ग्रेन: रात्रीच्या फोन-चित्रणात निळ्या चॅनेलमध्ये दाणे सर्वांत जाड असतात, म्हणून तिन्ही चॅनेल वेगवेगळे जुळवा.

एक सूचना हालचालीवर. मुकुट पडतो तो तुम्ही १० फ्रेममध्ये पाडला आहे. सहा मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला सुमारे १.१ सेकंद लागतात, २५ फ्रेमच्या हिशेबाने जवळपास २८ फ्रेम. घाईने पडला की वीस फुटी राक्षस खेळण्याएवढा होतो.

पुढच्या वेळी चित्रण संपल्यावर दहा मिनिटं अजून थांबा. टेपने कॅमेऱ्याची उंची आणि पायाच्या जागेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. राखाडी मॅट रंग दिलेला चेंडू नरकासुराच्या जागी धरून एक चित्रण घ्या, मग त्याच जागी चकचकीत गोळा धरा. गोळा नसेल तर लख्ख घासलेल्या मोठ्या पळीची पाठ धरा. प्रत्येक दिवा कुठे आहे आणि कुठला प्रखर आहे, हे त्या पाठीवर दिसतं. आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. दुसरं शटर घेतलं तर चित्रावर पट्टे सरकतात आणि ते काढणं महाकठीण.

पणजीहून एक वाचक: मिरामारला फोन हातात धरून शॉट घेतला. पाण्यात गलबत घालायचंय. ट्रॅकिंगची, म्हणजे चित्रणावरून कॅमेऱ्याची हालचाल काढण्याची, चूक ८ पिक्सेलच्या खाली येत नाही.

ट्रॅकर, म्हणजे सॉफ्टवेअरने पाठलाग करायचे बिंदू, लाटांवर आणि माडांच्या झावळ्यांवर बसलेत का पाहा. जे स्वतः हलतं त्यावरून कॅमेऱ्याची हालचाल काढता येत नाही. ते सगळे पुसा. पलीकडची आग्वादची टेकडी स्थिर आहे, पण ती इतकी लांब आहे की तिच्यावरून कॅमेरा वळला एवढंच कळतं, पुढे सरकला हे कळत नाही. खोली कळायला जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींवरून सरकाव्या लागतात. त्यासाठी वाळूत आपणच खुणा पेराव्या: पांढरे दगड, शिंपले, काड्या, कॅमेऱ्यापासून दोन ते पंधरा मीटरच्या पट्ट्यात विखरून. ब्लेंडरला सोडवण्यासाठी निदान आठ ट्रॅकर एकाच वेळी दिसावे लागतात, आपण वीस-पंचवीस ठेवावे. चूक एका पिक्सेलच्या खाली आली पाहिजे.

फोनचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद होतं का? ते चालू असताना फोन प्रत्येक फ्रेम वेगळी ताणतो आणि कापतो, मग लेन्सचं फोकल अंतर प्रत्येक क्षणी बदलल्यासारखं होतं. अशा चित्रणाचं गणित कुठलंच सॉफ्टवेअर नीट सोडवत नाही. शिवाय बरेच फोन फ्रेमची गती स्थिर ठेवत नाहीत. चित्रण आधी सुट्या फ्रेममध्ये काढा आणि मगच ट्रॅक करा.

म्हापशाहून: नाटकमंडळीसाठी हिरवा पडदा लावून चित्रण केलं. केसांभोवती हिरवी कड राहते आणि पांढरे कपडे हिरवट दिसतात.

पडदा फार जवळ आहे. माणूस आणि पडदा यांत निदान ६ ते ८ फूट ठेवा, जागा असेल तर १०. पडद्यावरून उसळलेला हिरवा उजेड पांढऱ्या कापडावर आणि घामट कातडीवर लगेच बसतो. अंतर वाढवलं की तो झपाट्याने कमी होतो. पडद्याला त्याचे स्वतःचे दोन दिवे हवेत, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात, आणि माणसाचे दिवे वेगळे. वेव्हफॉर्मवर (चित्राच्या उजेडाच्या आलेखावर) पडदा ४० ते ५० टक्क्यांच्या पट्टीत एकसारखा बसला पाहिजे. तो जास्त उजळ झाला तर स्पिल, म्हणजे हा उसळलेला हिरवा उजेड, वाढतं, फार काळोखा झाला तर दाणे येतात. कापड जाड सुती, बिनचकाकीचं. सॅटिन नको. घड्या इस्त्रीने काढा आणि क्लिपांनी ताणा.

केसांचा दोष निम्मा फोनचा आहे. ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद ठेवली जाते. केस एक पिक्सेल जाड, रंगाची नोंद त्याहून जाड, मग कड तुटणारच. शक्य असेल तर ४:२:२ नोंदवणारा कॅमेरा आणा. निदान मूळ फाइलवर काम करा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यावर नाही. एकाच कीने (हिरवा रंग वगळायच्या एकाच क्रियेने) सगळं सोडवायचा हट्टही सोडा: अंगाच्या आतल्या भागासाठी एक कडक मॅट (काय ठेवायचं ते सांगणारा काळा-पांढरा साचा), केसांसाठी दुसरी मऊ, आणि पडद्याबाहेरचं सगळं हाताने कापून टाकायचं. डीस्पिल, म्हणजे हिरवी झाक काढणं, त्यानंतर.

आणि प्रसंग लग्नाचा असेल तर हिरवा पडदा घेऊच नका. नवरीचा चुडा गायब होईल. निळा घ्या.

पावसाळ्यात दोन सरींच्या मधे ढगाळ उजेडात अंगणात पडदा लावला तर दिव्यांचा खर्च वाचतो. असा एकसारखा उजेड फुकट दुसरीकडे मिळत नाही. फक्त वारा नको.

काणकोणहून: कुठला संगणक घेऊ? आमच्याकडे वीज वरचेवर जाते.

३२ जीबी रॅम, एनव्हिडियाचं १२ जीबी मेमरीचं ग्राफिक कार्ड, कामासाठी १ टीबी एसएसडी आणि साठवणीला वेगळी ४ टीबी डिस्क. कार्डच्या वेगापेक्षा त्याची मेमरी पाहा, कारण दृश्य तिच्यात मावलं नाही तर जीपीयू रेंडर रखडतो किंवा थांबतो. साठवण कमी वाटली तर हिशेब करा: फुल एचडीची एक १६ बिट ईएक्सआर फ्रेम, अल्फासह, न दाबता सुमारे १६.६ एमबी. दहा सेकंदांच्या २४० फ्रेम म्हणजे ४ जीबी, आणि एका शॉटचे दहा-बारा थर सहज होतात.

यूपीएस घ्याच. आणि रेंडर कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका. मधेच वीज गेली तर अख्खी फाइल वाया जाते. सुट्या फ्रेम काढल्या तर जिथे थांबलं तिथून पुढे. विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, नेटची वायरसुद्धा. कॅमेऱ्याच्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, कोकणपट्टीच्या दमट हवेत त्यांना बुरशी येते. एसी गाडीतून बाहेर काढल्यावर लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, बॅगेतच वीस मिनिटं बाहेरच्या हवेला सवय होऊ द्या.

पेडण्याची एक तरुणी, सध्या पुण्यात: तीन महिन्यांपूर्वी रोटो विभागात लागले. दिवसभर आकृत्यांच्या कडा कापते. कंटाळा आलाय, आणि वरून माझ्या कडा थरथरतात म्हणून काम परत येतं.

कडा थरथरतात कारण तुम्ही बहुधा दर फ्रेमला की देत आहात, म्हणजे आकृती हाताने नव्याने बसवत आहात. हात प्रत्येक वेळी अर्धा पिक्सेल इकडेतिकडे पडतो आणि ते चालवल्यावर उकळतं. आधी हालचालीची टोकं शोधा: हात सगळ्यांत वर, सगळ्यांत खाली, जिथे दिशा बदलते तिथे. तेवढ्याच जागी की द्या. मग दोन टोकांच्या मध्यावर पाहा, लागली तरच एक वाढवा. माणसाला एका आकृतीत कापू नका. दंड, कोपराखालचा भाग, पंजा वेगळे ठेवा, सांध्यावर आकृत्या एकमेकींत शिरू द्या. बिंदू कमी ठेवा, आणि कोपराच्या हाडावरचा बिंदू शेवटच्या फ्रेमपर्यंत त्याच हाडावर राहिला पाहिजे. धूसर कडेच्या मधून रेषा न्या आणि मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) कॅमेऱ्याच्या शटरइतकाच लावा. पाठवण्याआधी लाल पार्श्वभूमीवर चालवून पाहा. काळ्यावर दोष लपतात.

कंटाळ्याचं म्हणाल तर तो खरा आहे, पण या महिन्यांत माणसाची कड कशी चालते हे जितकं पाहायला मिळतं तितकं नंतर मिळत नाही. संध्याकाळी स्वतःच्या रोटोवर स्वतःच कंपोझिटिंग करून पाहा. न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरची बिनव्यावसायिक आवृत्ती मोफत आहे, १९२० बाय १०८० पर्यंत चित्र काढते. असे तीन शॉट झाले की कंपोझिटिंगच्या सुपरवायझरना दाखवा.

मडगावहून एक आई: मुलाला एका संस्थेत घालायचं आहे. फी काही लाखांत आहे आणि ‘नोकरीची हमी’ म्हणतात. भरवसा ठेवावा का? त्याला गोवा सोडावा लागेल का?

ताई, हमीच्या शब्दावर पैसे देऊ नका. संस्थेत जाऊन चार गोष्टी मागा: गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांच्या शोरील (निवडक कामाच्या चित्रफिती), शिकवणाऱ्यांनी कुठल्या विभागात किती वर्षं काम केलं ते, विद्यार्थी खरं चित्रण स्वतः करतात की तयार फुटेजवर सराव करतात ते, आणि मधे सोडल्यास फी परत मिळण्याचा नियम लेखी. पाचही शोरीलमध्ये तेच शॉट दिसले तर ते शिक्षकाने करून दिलेले आहेत असं समजा.

घाई नसेल तर आधी चित्रकलेचा पाया घालणं आम्हाला अधिक योग्य वाटतं. पणजीत आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे. तिथे शिकलेली उजेड-सावली आणि शरीररचना सॉफ्टवेअर बदललं तरी उपयोगी पडते. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो. तिथे होणारे मास्टरक्लास मुलाला ऐकू द्या.

नोकरीसाठी गोवा सोडावाच लागेल असं धरा. मोठे स्टुडिओ मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, पुण्यात आहेत. धंदा अस्थिर आहे हेही त्याला आधीच सांगा. ऱ्हिदम अँड ह्यूज या नामांकित स्टुडिओने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्यांच्या कामाला ऑस्कर मिळालं. २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्सची मोठी कंपनी कोसळली तेव्हा भारतातल्याही अनेकांची कामं गेली. एआयची साधनं आता कच्चा रोटो काही मिनिटांत काढून देतात, त्यामुळे फक्त एकाच यांत्रिक कामावर बसून राहणाऱ्याला धोका अधिक. म्हणून कर्ज काढून फी भरू नका, आणि सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवूनच त्याला परगावी पाठवा.

डिचोलीहून, एका ओळीत: शोरील किती लांबीची असावी?

एक ते दीड मिनिट. सर्वांत चांगला शॉट पहिला, कच्चे शॉट गाळा, भले चारच उरोत. प्रत्येक शॉटनंतर तीन-चार सेकंद थर उलगडून दाखवा: मूळ चित्रण, रोटो, थ्रीडी, सावली, शेवटचं चित्र. दोघांनी मिळून केलेल्या शॉटवर तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा, कारण मुलाखतीत त्याच शॉटवर प्रश्न येतात. नाव, फोन आणि हवा असलेला विभाग सुरुवातीला आणि शेवटी. फाइल एच.२६४, फुल एचडी, आणि पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडते का ते पाहा.